स्वीकाराच्या अटी : जैन मराठी वाङ्मय आणि मराठी वाङ्मयेतिहास

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव सामान्यतः परिचित आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीविषयीच्या दिगंबर-श्वेतांबर वादामुळे. हा वाद १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे निर्णयास आला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासंबंधी अंतरिम आदेश दिला. या तीर्थाला वाङ्मयीन इतिहासही आहे. तेराव्या शतकात दिगंबर मदनकीर्तींनी आणि चौदाव्या शतकात श्वेतांबर जिनप्रभसूरींनी त्याचा गौरव केला. न्यायालयात परस्परविरोधी ठरलेल्या दोन्ही परंपरा वाङ्मयात एकाच स्थळाभोवती नांदतात. तरीही या वाङ्मयाची ओळख मराठी अभ्यासकाला क्वचितच असते.

ही उपेक्षा केवळ संस्कृत-प्राकृत ग्रंथांच्या वाट्याला आलेली नाही. याच जिल्ह्यातील कारंजा येथील भट्टारकपीठांच्या आश्रयाने मराठीतही रचना झाली. पंधराव्या शतकातील गुणकीर्तींचे 'धर्मामृत' हा गद्य ग्रंथ आहे. प्राचीन मराठी गद्याचा विचार अनेकदा महानुभावांकडून थेट बखरींकडे वळतो, तेव्हा मधली ही रचना दृष्टीआड होते. विद्याधर जोहरापूरकर आणि सुभाषचंद्र अक्कोळे यांच्या संशोधनाने साधने उपलब्ध झाली. त्यामुळे अज्ञानाची सबब आता पुरेशी नाही.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याचा लेख भाषेचा इतिहास मराठीच्या आद्य लेखांत अभिमानाने नोंदवतो. म्हणजे जैन परंपरा भाषेचा पुरावा म्हणून मान्य होते. साहित्य म्हणून मात्र ती 'जैन वाङ्मय' या स्वतंत्र प्रकरणापुरती राहते. येथे स्थान मिळते, परंतु मूल्यमापनाचे निकष बदलत नाहीत.

मध्ययुगीन मराठी काव्याचे प्रचलित निकष मुख्यतः भक्तीच्या अनुभवातून सिद्ध झाले आहेत. जैन विचारातील तीर्थंकर कृपा करणारा नाही. मुक्ती हे ज्याच्या त्याच्या कर्मक्षयाचे फळ आहे. त्यामुळे आर्त आळवणीची अपेक्षा ठेवणाऱ्या समीक्षेला ही रचना शुष्क, उपदेशपर वाटते. रविषेणांच्या पद्मपुराणाच्या परंपरेत रावण दहा तोंडांचा राक्षस नसून विद्याधर राजा आहे. त्याचा वध लक्ष्मण करतो आणि राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. रामाने वध न करणे हे कर्मसिद्धांताशी सुसंगत असे कथनतत्त्व आहे. ते मूळ कथेपासूनचे विचलन मानले, तर 'मूळ' कोणी ठरविले हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

जैन कवींनी स्वतः मात्र वेगळेपणा आणि स्वीकार यांत विरोध मानला नाही. गुणकीर्तींचे 'पद्मपुराण' आणि जिनदासांचे 'हरिवंशपुराण' यांनी मराठी श्रोत्याला परिचित असा ओवीछंदच स्वीकारला. रूपाने त्यांनी भाषिक समाजाशी नाते जोडले, आशयाने आपले मतभेद राखले. तडजोड म्हणून याचा उल्लेख करणे अपुरे आहे. मराठीवर आपलाही हक्क आहे, हे त्यांनी यातून गृहीत धरले.

म्हणून प्रश्न जैन कवींना परिघावरून केंद्रात आणण्याचा नाही. त्यांच्या रचनांसमोर रस, भक्ती आणि मौलिकता या संकल्पना पुन्हा तपासण्याची तयारी वाङ्मयेतिहासाने दाखविली पाहिजे. निकष अबाधित ठेवून दिलेले स्थान औदार्याचे असेल. समान अधिकाराचे ठरणार नाही.