मुळी, रेणू आणि माणूस

मराठीत वैद्यकावर लिहिताना एक मांडणी हमखास येते. आधुनिक वैद्यक शरीराचे तुकडे करते म्हणून ते 'अंशवादी'. पारंपरिक वैद्यक माणूस अखंड पाहते म्हणून ते 'साकल्यवादी'. या मांडणीचा आवडता दाखला म्हणजे सर्पगंधा. अख्खी मुळी गुणकारी होती, शास्त्रज्ञांनी तिच्यातला एक रेणू उपसला आणि साकल्य हरवले, अशी ती कथा. इतिहास तपासला तर ती टिकत नाही. पण तोच इतिहास रेणूच्या कैवाऱ्यांनाही निश्चिंत राहू देत नाही.

१९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील सर्पगंधेचा परिणाम नोंदवला. त्याच सुमारास सलीमुज्जमां सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी दिल्लीत मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली. एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' हे नाव मिळाले. १९४९मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडली. रेसर्पिन तेव्हा हाती आलेले नव्हते; ते स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत १९५२ साली वेगळे झाले. म्हणजे वकिलांचे औषध अख्ख्या मुळीचे होते, आणि मोजमाप मात्र एका आकड्याचे, रक्तदाबाचे. त्यांना कोणत्या गटात बसवायचे?

मुळीचे साकल्यही तपासून घ्यायला हवे. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली रसायने रिती करते. अजमलीन हृदयपेशींतील सोडियमचा मार्ग अडवते. आजही काही हृदयविकारांच्या निदानात ते वापरतात. ही दोन निराळी कामे करणारी द्रव्ये एकाच मुळीत नांदतात. त्यांचे प्रमाण रुग्णाची गरज ओळखून ठरलेले नसते, आणि मुळीगणिक ते बदलते. मात्रा ठरवायची तर वेगळे काढणे भागच होते.

इथवर अंशवाद्यांची सरशी दिसते. पण सोडियमचा मार्ग अडवणाऱ्याच दुसऱ्या दोन औषधांची, एन्केनाइड व फ्लेकेनाइडची, गोष्ट पाहा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो; म्हणून ठोके दाबले की धोका टळेल, हे अनुमान सरळ वाटत होते. औषधांनी ठोके दाबलेही. 'कास्ट' या अमेरिकी चाचणीत मात्र औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. चाचणीचा हा भाग १९८९मध्ये थांबवावा लागला. अंश सुधारला, माणूस गेला.

याच्या उलट उदाहरण १९६७चे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, अतिशय चढा रक्तदाब असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना तीन औषधे एकत्र दिली. त्यांतले एक रेसर्पिन होते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७० जणांपैकी २७ जणांना गंभीर गुंतागुंत झाली. औषध घेणाऱ्या ७३ जणांपैकी फक्त दोघांना. इथे अंश सुधारला आणि माणूसही वाचला.

दोन्ही ठिकाणी तर्काची घडण एकच होती. एक तर्क खरा ठरला, दुसरा जीवघेणा, आणि हे प्रयोगशाळेला आधी सांगता आले नाही. तसेच ते साकल्याच्या तत्त्वज्ञानालाही सांगता आले नाही. सांगितले ते माणसे चिठ्ठीच्या न्यायाने दोन गटांत वाटून, शेवटी कोण जगले हे मोजणाऱ्या चाचणीने. ज्या पद्धतीला आपण कोरडी, आकडेमोडी म्हणून हिणवतो, तीच रुग्णाकडे अखंड माणूस म्हणून पाहत होती.

म्हणून साकल्य औषधात शोधणे मला चुकीचे वाटते. ते रुग्णात असते. मुळी अख्खी असल्याने उपचार साकल्याचा होत नाही आणि रेणू एकटा असल्याने तो तोकडा ठरत नाही. हा वाद नुसता शब्दांचा नाही. 'रसायन नको, नैसर्गिक हवे' म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर सोडणारा माणूस आणि कागदावरचा आकडा उतरला की समाधान मानून चक्कर, खर्च, झोप यांची विचारपूस न करणारा डॉक्टर, दोघेही याच घोटाळ्याची किंमत रुग्णाच्या देहातून वसूल करतात. दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा: या उपचाराने माणूस अधिक जगला का, आणि बरा जगला का? उत्तर मोजलेले नसेल, तर दावा मुळीचा असो वा रेणूचा, तो अपुराच समजावा.