मोटूचं पडणं

'मोटू पतलू' ही जोडगोळी मूळची 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी चित्रकथांमधली. २०१२ साली ती निक वाहिनीवर हलू-बोलू लागली आणि आमच्या घरातली शांतता संपली. चित्रकथेत मोटू घसरला, की पुढच्या चौकटीत थेट आडवा! मधलं पडणं वाचणाऱ्यानं मनातल्या मनात बघायचं. मालिकेत तो धाडकन आवाजासकट पडतो. आमच्या नातवानं मनानं रचावं असं काही उरतच नाही. शिवाय समोसा पोटात गेला, की अंगात दहा हत्तींचं बळ, हेही रोजचंच. पण खरं सांगू? या मोटूपायी पतलू दररोज गोत्यात येतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच शेजारी उभा असतो. तेवढ्यासाठी मी टीव्ही बंद करत नाही.