सन्नतीच्या शिळेवर जे नाही ते

सन्नतीवर मराठीत काहीही वाचा, दोन विधानं हमखास सापडतात. कलिंगच्या रक्तपाताने कळवळलेल्या अशोकाचे उद्गार भीमेच्या काठी मिळाले, हे एक. शेजारच्या कनगनहळ्ळीत त्याचा खराखुरा चेहरा बघायला मिळतो, हे दुसरं. ऐकायला दोन्ही झकास, पण टिकत एकही नाही.

चेहऱ्याचं आधी उरकतो. कनगनहळ्ळीच्या स्तूपावरच्या त्या शिल्पात राजा आहे, राणी आहे, छत्र-चवरीवाल्या सेविका आहेत आणि ब्राह्मीत ‘राया असोको’ अशी पाटी आहे. पण काम सातवाहन काळातलं. कोरणाऱ्याने अशोकाला पाहिलेलं असणं शक्यच नाही. पाटी झाकली तर हा कुठलाही राजा वाटेल. मोल आहे ते पाटीचं. मौर्य सत्ता संपून पिढ्या उलटल्यावरही इथल्या लोकांना ते नाव ठाऊक होतं, आणि सातवाहन राजांच्या रांगेत त्यांनी त्याला जागा दिली. ज्यांनी नाणेघाटातली सातवाहनांची नावं वाचली आहेत, त्यांना ही रांग लगेच ओळखीची वाटेल.

आता शिळा. चंद्रलांबा कित्येक मराठी घरांची कुलदेवता, त्यामुळे देऊळ आपल्याला परकं नाही. 1986 साली आवारातल्या काली मंदिराचं छत कोसळलं. पुढं कामात मूर्तीखालचं पीठ उघडं पडलं, आणि 1989 मध्ये कळलं की ती अशोकाची लेखशिळा आहे. मूर्तीची कुसू बसवायला मधोमध खाच मारलेली, तेवढी अक्षरं गेली.

एका बाजूला बारावा लेख आणि त्यालाच लागून चौदावा. मागच्या बाजूला दोन ‘स्वतंत्र’ लेख, जे एरवी फक्त ओडिशात धौली आणि जौगडला, म्हणजे खुद्द कलिंगात आहेत. तेरावा इथं गाळलाय. आणि कलिंगयुद्धाची कबुली, लाखभर मेले, दीड लाख लोक हलवले, हे सगळं त्या तेराव्यातच आहे! म्हणजे पश्चात्तापाचे म्हणून जे उद्गार आपण सन्नतीच्या नावावर खपवतो, नेमके तेच इथं नाहीत.

कलिंगच्या लोकांसमोर तो लेख लावला नाही, हे समजण्यासारखं आहे. ज्यांची माणसं मारली त्यांनाच आकडा कशाला वाचून दाखवायचा? पण सन्नतीला का गाळला? हा मुलूखही नुकताच जिंकलेला होता म्हणून, असं एक उत्तर दिलं जातं. मला ते पटत नाही. आंध्रात एर्रगुडीला तेराव्यासकट चौदाही लेख आहेत, आणि ते काही पाटलीपुत्राच्या वेशीवर नाही.

मी आयुष्यभर सरकारी कागद बघितलेत. एका डिव्हिजनचं टेंडर दुसरीकडे जसंच्या तसं जातं, फक्त गावाचं नाव बदलतं. (कधी कधी तेही राहून जातं.) कलिंगसाठी बांधलेला मसुद्यांचा गठ्ठा भीमेच्या खोऱ्याकडे रवाना झाला असावा, हे मला जास्त संभवनीय वाटतं. आणि गंमत बघा, याच शिळेवरचा चौदावा लेख सांगतो की लेख कुठं थोडक्यात, कुठं सविस्तर कोरलेत, सगळं सगळीकडे लागू नाही, आणि काही उणं राहिलं तर त्यात लेखकाची चूकही असू शकते. एवढ्या मोठ्या राज्यकर्त्याने कारकुनी दोषाची सोय हुकमातच करून ठेवावी, याचं मला कलिंगच्या कहाणीपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. राज्य चालवणं म्हणजे काय, हे त्या माणसाला नीट कळलं होतं.

मास्कीचा लेख 1915 मध्ये सापडला तो बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीवरच्या इंजिनिअरला, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या माणसाला. ‘देवानांपिय’ म्हणजेच अशोक, हे त्या लेखाने पक्कं केलं. तिथं नाव मिळालं. सन्नतीला त्याची कचेरी मिळते.

दुसरा स्वतंत्र लेख एकदा सवडीने वाचावा. सीमेपलीकडच्या, न जिंकलेल्या लोकांच्या मनात राजाबद्दल धास्ती असेल, त्यांना सांगा की माझ्याकडून सुख मिळेल, दुःख नाही, असा अधिकाऱ्यांना हुकूम आहे. क्षमा करता येईल तेवढंच करीन, असंही त्यात आहे. हा गोडवा आणि हा इशारा दर चार महिन्यांनी तिष्य नक्षत्राला ऐकवायचा होता. पाठ्यपुस्तकातला नकाशा मात्र कंदाहारपासून कर्नाटकापर्यंत एकाच रंगाने सारवलेला असतो. न जिंकलेल्या त्या लोकांना त्यात जागाच नाही.