तेजाबाने कोरलेले वेरूळ

1617 मध्ये छापलेल्या मिखाएल मायरच्या ‘अतलांता फुगिएन्स’ या ग्रंथात किमयागारांची विद्या 50 ताम्रपटचित्रांत मांडली आहे. त्यात आगीत निर्धास्त पहुडलेला सॅलॅमँडर आहे, निसर्गदेवतेच्या पाऊलखुणा कंदिलाच्या उजेडात शोधत निघालेला म्हातारा आहे. तिथे किमया हा चित्राचा विषय आहे. आपल्या वेरूळची 1803 मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेली 24 चित्रे मात्र स्वतःच किमयेने घडलेली आहेत.

संचाच्या शीर्षकातच औरंगाबादचे नाव आहे. मूळ रेखाटने जेम्स वेल्सची. सवाई माधवरावांचे चित्र रंगवणारा हा स्कॉटिश चित्रकार 1795 मध्येच वारला. त्याची रेखाटने टॉमस डॅनियलने ॲक्वाटिंट पद्धतीने तांब्यावर उतरवली. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती तापवून चिकटवतात. मग पत्रा तेजाबात सोडला की कणांमधले उघडे तांबे खाल्ले जाते. जिथे उजेड राखायचा तिथे आधीच रोगण लावतात. जिथे काळोख हवा तो भाग पुन्हा पुन्हा तेजाबात जातो. सोन्यातून चांदी वेगळी काढायला किमयागार वापरत, तेच हे तेजाब.

वेरूळला हीच पद्धत शोभते. नुसती रेघ खांबाची कड दाखवील, पण लेण्याचा जीव सावलीत असतो. इंद्रसभा या लेण्याच्या चित्रांत पाहा: अंगणातला उजेड खांबांपाशी मंदावतो आणि आत जाता जाता काळोखात मुरतो. ही उतरण रेघांनी बांधलेली नाही, तेजाबाने पायरीपायरीने खोल नेली आहे. राळेच्या कणांनी उमटलेला रवाळ पोत तर थेट बेसाल्टच्या खरबरीत अंगाची आठवण देतो.

साम्य त्याहून खोल आहे. कैलास लेणे वरून खाली, दगड काढत काढत घडले. चित्रातला अंधारही तांबे काढत काढत घडला. दोन्हीकडे भर काहीच घातलेली नाही. दोन्हीकडे गेलेला कण सहजी परत येत नाही, म्हणून काय राखायचे हे हात चालवण्यापूर्वीच ठरवावे लागते. वेरूळच्या अनाम पाथरवटांचा हा संयम डॅनियलच्या कामातही उतरला आहे, आणि मला या संचाचे मोठेपण तिथेच दिसते.

तांब्याचे सोने करण्याचे किमयागारांचे स्वप्न फळाला आले नाही. त्यांच्या तेजाबाने तांब्यातून कातळ आणि काळोख मात्र खरोखर उभा केला, आणि माझ्या लेखी ही सिद्धी सोन्याहून उणी नाही.