तारखेचा क्रम व साहाय्यपत्रकाची भाषा

मराठीतील ‘परवा’ हा शब्द गेलेला व येणारा असे दोन्ही दिवस दाखवितो. तथापि ‘परवा आला’ व ‘परवा येईल’ यांत क्रियापदच निर्णय देते. ‘०३/०४/२६’ या लेखनाला असा आधार नाही. मालाडचा वाचक तेथे ३ एप्रिल वाचील, अमेरिकन वाचक ४ मार्च. म्हणून टंकित आज्ञेने संगणकाकडून तारीख मागविताना अर्थनिर्णयाचा भार साहाय्यपत्रकावर पडतो.

ग्नू प्रकल्पाच्या ‘डेट’ या आज्ञेचे साहाय्यपत्रक या कसोटीस लावून पाहण्याजोगे आहे. स्थानिक पद्धतीची तारीख देणाऱ्या लहान ‘एक्स’पुढे तेथे ‘१२/३१/९९’ हे उदाहरण आहे. ३१ वा महिना संभवत नसल्याने क्रम आपोआप उलगडतो. उदाहरणाची ही निवड मार्मिक होय. परंतु ते अमेरिकन पद्धतीचे आहे; भारतीय पद्धत निवडल्यास क्रम पालटतो, हे ‘स्थानिक’ या शब्दात केवळ सूचित राहते. मोठ्या ‘डी’पुढे महिना, दिवस, वर्ष हा क्रम दिला असून, अलीकडच्या आवृत्तींत ‘संदिग्ध’ असा शेराही आहे. दोष मान्य केला, हे योग्यच; पण संदिग्धता कोणाला व का जाणवेल, हे सांगितलेले नाही. लहान ‘एम’ म्हणजे महिना व मोठा ‘एम’ म्हणजे मिनिट. देवनागरीत असा लिपिभेदच नसल्याने आपल्या विद्यार्थ्यास येथे अधिक स्पष्टीकरण हवे.

भाषाशास्त्रात भेद सिद्ध करणारे उदाहरणच प्रमाण मानले जाते. तोच नियम येथेही लागू आहे: प्रत्येक पर्यायापुढे बारापेक्षा मोठा दिनांक व चार अंकी वर्ष असलेले, किमान दोन देशांच्या पद्धतींतील उदाहरण द्यावे. एरवी एका चुकीच्या क्रमाने एखाद्या नोंदवहीतील महिनाभराचा कालानुक्रम बिघडेल, आणि यंत्र त्यावर अक्षरही काढणार नाही.