‘मी’ मागे ठेवणारे आत्मकथन

मराठी स्त्रियांच्या आत्मपर लेखनाच्या आरंभकाळात केंद्रस्थानी बहुधा पती असतो. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी हे त्याचे ठळक उदाहरण. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात मात्र ते स्थान पतीस नाही, आणि लेखिकेसही नाही. ते ठाणे जिल्ह्यातील वारल्यांस लाभले आहे. या ग्रंथाचे वाङ्मयीन मोल याच निवडीत आहे, असे आम्हांस वाटते.

पुण्यात १९०७ साली जन्मलेल्या गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. भारत सेवक समाजातून त्या किसान सभेकडे वळल्या आणि डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत गेल्या. २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमावावर गोळीबार होऊन पाच जण ठार झाले. अशा प्रसंगी लेखणी सहज आवेशात वाहवली असती. परंतु वेठ, कर्ज आणि लग्नाच्या कर्जापायी पिढीजात गुलाम होणारा लग्नगडी यांचे चित्र त्या एखाद्या साक्षीदाराच्या संयमाने रेखाटतात. कायद्याच्या अभ्यासाची शिस्त येथे शैली बनली आहे.

या संयमाची किंमतही आहे. प्रतिपक्षाच्या मनात लेखिका फारशा शिरत नाहीत. जमीनदार व सावकार बव्हंशी एकरंगी राहतात. शिवाय श्यामराव परुळेकर १९६५ साली तुरुंगातच निवर्तले, आणि हा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी आला. तरी त्या शोकास त्यांनी ग्रंथाचा विषय होऊ दिले नाही. स्वतःविषयीचे हे मौन वाचकास हुरहूर लावते. परंतु ते मोडले असते, तर वारल्यांचे जागे होणे हे लेखिकेच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन बसले असते.

साहित्य अकादमीने १९७२ साली या ग्रंथाचा गौरव केला. आमच्या दुबलगुंडीसारख्या, १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या गावांतील जुन्या पिढीस ‘वेठ’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नसे. आजच्या विद्यार्थ्यांस तो समजावून देताना शिक्षकांनी हा ग्रंथ हाती घ्यावा. अन्यायाचे नुसते वर्णन आणि माणसाच्या मनातील भीती ओसरण्याचा इतिहास यांतील अंतर त्यातून स्पष्ट होईल.