आकडा, वस्तू आणि निषेधाची संहिता

निषेधाच्या भित्तिपत्रकावर आकडा छापला की ते विधान ठरते. तितक्याच वस्तू मांडल्या की त्या आकड्याला पुराव्याचे वजन येते, अशी एक समजूत दृश्यकलेच्या समीक्षेत रूढ आहे. ती तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण वस्तू मोजदाद जशी जपते तशी ती झाकूही शकते.

१९८५ च्या नोव्हेंबरात सान फ्रान्सिस्कोतील मेणबत्ती-मोर्चात क्लीव्ह जोन्स यांनी मोर्चेकऱ्यांना एड्सने मृत्यू पावलेल्या परिचितांची नावे फलकांवर लिहावयास सांगितली. हे फलक संघराज्य शासनाच्या इमारतीवर चिकटवले गेले, तेव्हा ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर प्रत्यक्षच गोधडी अंथरली गेली. तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. मोजणीचे एकक समान, त्यावरील मजकूर मात्र विषम: कोठे मृताचा सदरा, कोठे पत्र, कोठे खेळणे. (अंगावरून उतरलेल्या कापडाची गोधडी होते, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको.) येथे वस्तू आणि आकडा यांचे नाते सरळ आहे. तुकडा वाढतो तो कोणीतरी गेल्यामुळेच. १९९६ नंतर ही गोधडी मॉलवर संपूर्ण अंथरता आली नाही, हेही तिच्या आशयाचाच भाग मानावे लागते.

आय वेईवेई यांच्या 'रिमेम्बरिंग' (२००९) या मांडणीविषयी असे म्हणता येत नाही. १२ मे २००८ च्या सिचुआन भूकंपात निकृष्ट बांधकामाच्या शाळा कोसळल्या. मृत विद्यार्थ्यांची नावे शासनाने प्रसिद्ध केली नाहीत. मे २००९ मध्ये मृत व बेपत्ता मिळून ५,३३५ हा आकडा तेवढा दिला. त्यानंतर म्युनिकच्या हाउस देर कुन्स्टच्या दर्शनी भिंतीवर ९,००० दप्तरे लावली गेली आणि त्यांच्या रंगांतून चिनी अक्षरांत एका आईचे वाक्य उमटले: आपली मुलगी सात वर्षे या जगात आनंदाने जगली, अशा आशयाचे.

दप्तर म्हणजे मूल, अशी लक्षणा येथे प्रेक्षक सहज करतो. पण ९,००० हा आकडा मृतांचा नव्हे, भिंतीचा आहे. त्यातही काही दप्तरे अक्षर झाली आहेत आणि उरलेली निळी दप्तरे केवळ पार्श्वभूमी. ही लक्षणा शेवटपर्यंत नेली, तर पार्श्वभूमीत गेलेली मुले कोणती, हा प्रश्न टळत नाही. आणि तो टाळावयाचा असेल, तर दप्तर हे रंगाचा ठिपका एवढेच उरते. शिवाय ही दप्तरे नवी आहेत. ती कोणत्याही पाठीवर कधी चढलेली नाहीत. एका आईच्या वाक्यासाठी हजारो वस्तू राबवणे हाच आकडेवारीला दिलेला नकार आहे, असा बचाव करता येईल आणि तो दुबळा नाही. मात्र तो स्वीकारला की या मांडणीला मृतांच्या मोजदादीचे श्रेय देता येत नाही. समीक्षकांनी बहुधा दोन्ही श्रेये एकाच वेळी दिली आहेत.

मोजदाद झाली ती अन्यत्र. आय वेईवेई आणि स्वयंसेवकांनी गावोगावी फिरून पाच हजारांहून अधिक मुलांची नावे, जन्मतारखा, शाळा व वर्ग नोंदले. ती यादी पांढऱ्यावर काळी अशी भिंतीवर लावली जाते. तिच्यात द्रव्याचा कसलाही थाट नाही. पण प्रत्येक ओळ तपासता येते, खोडून काढता येते, आणि अशी तपासणी हीच शासनाला नको होती. 'स्ट्रेट' या कृतीत कोसळलेल्या शाळांच्या वाकलेल्या सळया हाताने ठोकून सरळ केल्या आहेत. दप्तरांप्रमाणे त्या नव्या नाहीत, प्रत्यक्ष घटनास्थळाच्या आहेत. मात्र कोणती सळई कोणाच्या वर्गाची, हे सळई सांगू शकत नाही. २०१५ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्या जमिनीवर रचल्या गेल्या, तेव्हा बाजूच्या भिंतींवर नावांची यादी लावण्यात आली होती.